बत्तीस बोअर, घाम आणि पाऊस: गोव्यात रोज कमरेला काय लावावं

पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठेही जा, स्वसंरक्षणाचा परवाना हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: काडतुसांच्या फिरत्या चक्राचं रिव्हॉल्व्हर घ्यावं की मुठीत काडतुसांचं मॅगझीन बसणारं पिस्तूल? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. गोव्यात रोज कमरेला लावायचं असेल तर बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप). यामागे नेमबाजीपेक्षा इथली हवा आहे. समुद्राचं खारं वारं, चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने घाम, आणि सदऱ्याखाली आठ-दहा तास अंगाला चिकटून राहिलेलं पोलाद. रोज रात्री दोन मिनिटांत उघडून, पुसून, तेलाचा हात देऊन मिटता येतं ते हत्यार इथे टिकतं. ज्याला सुटं करून साफ करायला अर्धा तास लागतो, त्याचा कंटाळा येतो आणि ते गंजतं.

बोअरची निवड आपल्या हातात फारशी नाही. ९ मिमी पॅराबेलम प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. त्यामुळे बहुतेक सगळे बत्तीसवर येतात. पण बत्तीस म्हणजे दोन वेगवेगळी काडतुसं, हे गन हाउसच्या काउंटरवर उभे असलेल्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं. रिव्हॉल्व्हरचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे १८९६ चं. त्याच्या बुडाला पूर्ण कडा असते आणि गोळी साधारण ९८ ग्रेनची, म्हणजे सहा ग्रॅमच्या थोडी वर. पिस्तुलाचं .३२ एसीपी, ज्याला ७.६५ मिमी ब्राउनिंगही म्हणतात, ते जॉन ब्राउनिंगने १८९९ मध्ये आणलं. त्याची गोळी ७१ ग्रेनची, साडेचार ग्रॅमच्या आसपास, आणि वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरपर्यंत. जोर दोघांचाही ९ मिमीच्या निम्म्याहून कमी. म्हणून बत्तीसमध्ये गोळी कुठे लागते यालाच सगळा अर्थ आहे, आणि ते सरावावर ठरतं. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रात कधी कधी बसल्यासारखं वाटतं. तरीही ते भरू नका, त्या चेंबरसाठी, म्हणजे चक्रातल्या काडतुसाच्या खोबणीसाठी, ते बनवलेलंच नाही.

दुकानात काय दिसेल ते सांगतो. सगळ्यांत जास्त दिसतं ते कानपूरच्या ऑर्डनन्स कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर. मूळ घडण वेब्ली अँड स्कॉटची: सहा काडतुसं, तीन इंची नळी, आणि शिकारीच्या बंदुकीसारखं मधून मोडून उघडणारं. २०१४ मध्ये त्याच घराण्यातलं ‘निर्भीक’ आलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन सुमारे ५०० ग्रॅम. तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. ‘निडर’ त्याहूनही हलकं, २५० ग्रॅमच्या आसपास, पण ते .२२ आहे. त्याच्या रिमफायर काडतुसात बार बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि मधूनमधून एखादं फुटत नाही. जीव वाचवायच्या कामाला मी ते सुचवणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबळ’ आलं. ७६ मिमीची नळी, वजन सुमारे ७०० ग्रॅम, आणि चक्र बाजूला उघडणारं. कारखाना त्याचा परिणामकारक पल्ला ५० मीटर सांगतो. कमरेच्या हत्याराला एवढ्या पल्ल्याचा उपयोग नाही, खरा फायदा त्या बाजूला उघडणाऱ्या चक्राचा आहे. मधून मोडणाऱ्या घडणीत बिजागरी आणि वरची कडी वर्षानुवर्षांत ढिली पडते. प्रबळची चौकट अखंड असल्यामुळे ही डोकेदुखी मुळातच नाही. नवं घेणाऱ्याला माझा सल्ला म्हणूनच प्रबळचा.

जुनं घेत असाल, आणि गोव्यात पुष्कळ जण जुनंच घेतात, तर दुकानात उभ्याउभ्या ही तपासणी करा. संकोच करू नका, चांगला दुकानदार स्वतःच हत्यार उघडून हातात देतो.

आधी रिकामं आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री. मग मूठ एका हातात, नळी दुसऱ्या हातात धरून वर-खाली हलवा. कडीपाशी टकटक जाणवली तर बिजागरी झिजली आहे, ते हत्यार खाली ठेवा. नंतर घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे घ्या, सहाही चेंबरवर, एकेक करून. घोडा पूर्ण चढण्याआधी किंवा चढताक्षणी चक्र ‘टक’ करून अडकलं पाहिजे. एखाद्या चेंबरवर ते किंचित मागे राहत असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी सरळ येत नाही, कडेला घासते आणि शिशाचा कीस बाजूला उडतो. तो शेजारी उभ्या माणसाच्या गालाला लागतो. पुढची परीक्षा चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीची. ०.१० ते ०.२५ मिमी ठीक. मापाची पट्टी जवळ नसेल तर व्हिजिटिंग कार्ड वापरा. ते साधारण ०.३ मिमी जाड असतं, फटीत सहज शिरलं तर नकार द्या.

शेवटची परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. घोडा चढवा, चापाला बोट न लावता अंगठ्याने घोडा पुढे ढकला. पडला, तर घोडा अडवून धरणारी खाच झिजलेली आहे किंवा कुणीतरी चाप हलका करण्यासाठी कानस फिरवली आहे. असं रिव्हॉल्व्हर फुकट मिळालं तरी घेऊ नका. नळीत बघताना मागून पांढरा कागद धरा आणि पुढून टॉर्चने पाहा. मध्येच काळं कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे: कधीतरी एक गोळी आत अडकली आणि दुसरी तिच्यावर मारली गेली.

चाप जड असतो ही देशी रिव्हॉल्व्हरची कायमची तक्रार. घोडा न चढवता मारलं की तो फारच जड लागतो आणि नेम बाजूला, खाली ओढला जातो. यावर उपाय कानस नाही, सराव आहे. स्नॅप कॅप म्हणजे खोटी काडतुसं चक्रात भरा, नळीवर पुढच्या माशीमागे, म्हणजे नेम धरायच्या उंचवट्यामागे, एक रुपयाचं नाणं ठेवा, आणि नाणं न पाडता वीस वेळा चाप ओढा. खरी काडतुसं तेव्हा खोलीतही नकोत. महिन्याभरात हात बसतो. रेंजवर गेलात की पाच ते सात मीटरवरच सराव करा, कारण कमरेचं हत्यार त्याच अंतरासाठी असतं.

काडतुसं किती भरायची, यावर वाद होतो. घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये आड येणारी पट्टी, म्हणजे हॅमर ब्लॉक, आपल्या हत्यारात आहे आणि चालू स्थितीत आहे याची कारागिराकडून खात्री केली असेल तर सहा. नसेल तर पाच, आणि मिटलेल्या स्थितीत घोड्याखाली येणारं चेंबर रिकामं. इथे चूक होते ती अशी की माणूस पुढचं चेंबर रिकामं सोडतो. चाप ओढला की चक्र आधी फिरतं आणि मग घोडा पडतो. म्हणून आत्ता घोड्याखाली असलेलं चेंबर रिकामं हवं. हत्यार फरशीवर घोड्यावर पडलं तर धक्का त्याच चेंबरला बसतो.

रिकामं करतानाची एक अडचण फक्त मोडणाऱ्या घडणीत येते. उघडताना मधली चांदणी वर येते आणि सगळ्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी टरफलं, एकदम उचलते. हळूहळू, अर्धवट उघडलं की एखादी पुंगळी चांदणीच्या खाली घसरते आणि रिव्हॉल्व्हर ना उघडतं ना मिटतं. झटक्याने, पूर्ण उघडायचं, आणि हत्यार बाजूला कलतं ठेवायचं, म्हणजे पुंगळ्या खाली पडतात.

आता पिस्तुलं. देशी म्हटलं तर सरकारी ऑर्डनन्स कारखान्याचं ‘अशनी’. बाकी बाजारात फिरतात ती जुनी परदेशी: वॉल्थर पीपी आणि पीपीके, सीझेड ७०, एफएन १९१०, अमेरिकन कोल्टचं १९०३ चं पॉकेट मॉडेल. बाहेरून आयात जवळजवळ बंद असल्यामुळे या पिस्तुलांच्या किमती त्यांच्या लायकीपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि सुटे भाग मिळत नाहीत ही त्याहून मोठी अडचण. मॅगझीनची स्प्रिंग थकली तर तिच्या मापाची दुसरी शोधत फिरावं लागतं.

तरीही पिस्तूलच हवं असेल, तर मी वॉल्थर पीपी किंवा सीझेड ७० म्हणेन. दोन्हींत सेफ्टीचा खटका घोडा सुरक्षित खाली आणतो, आणि पहिली गोळी लांब, जड चापाने सुटते. दोन्हींच्या मॅगझीनमध्ये आठ काडतुसं. पीपीके आणखी लपतं, पण त्यात सात बसतात आणि मोठ्या पंजाच्या माणसाला मागे येणारी स्लाइड, म्हणजे नळीवरचं सरकतं आवरण, अंगठ्याच्या बेचक्यात चावते. एफएन १९१० दिसायला देखणं आणि कमरेला सपाट बसणारं. पण त्यात आतली सुई कायम ताणलेली राहते. असल्या पिस्तुलात चेंबर रिकामं ठेवूनच फिरावं, माझ्या मते याला दुसरा पर्याय नाही.

.३२ एसीपीचा एक जन्मजात दोष आहे. काडतुसाच्या बुडाची कडा किंचित बाहेर असते. मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे सरकली की दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि वरचं काडतूस पुढे सरकतच नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटरच्या हादऱ्यांनी हे होतं, आणि आखूड गोळीच्या काडतुसांत जास्त होतं. ओळखायची खूण: मॅगझीन बाहेर काढून वरच्या काडतुसावर बोट दाबा, ते खाली दबत नाही. स्लाइडला धक्के मारून ते सुटत नाही. मॅगझीन बदलायचं आणि अडकलेलं नंतर शांतपणे रिकामं करायचं. म्हणून पिस्तूल घेणाऱ्याने दुसरं चालू मॅगझीन मिळत असेल तरच सौदा करावा.

पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम मात्र पाठ हवा. आधी मॅगझीन बाहेर. मग स्लाइड मागे, चेंबरमधलं काडतूस बाहेर. मग स्लाइड मागेच धरून उजेडात चेंबरमध्ये बघायचं, आणि करंगळीने चाचपायचं. घरातले अपघात बहुतेक या क्रमाची उलटापालट झाल्यामुळे होतात: स्लाइड आधी ओढली, एक काडतूस बाहेर पडलं, स्लाइड परत जाताना मॅगझीनमधलं दुसरं आत शिरलं, आणि मग मॅगझीन काढलं. माणूस समजतो रिकामं झालं. चेंबरमध्ये एक बसलेलं असतं. शिवाय रोज रात्री तेच काडतूस काढायचं आणि सकाळी तेच भरायचं, यानेही नुकसान होतं. दर वेळी गोळी चेंबरकडे नेणाऱ्या उतरणीवर आपटून पुंगळीत थोडी आत जाते, आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून पाहा, आखूड दिसलं तर ते वेगळं काढा.

आता होल्स्टरबद्दल, म्हणजे कमरेला हत्यार धरणाऱ्या म्यानाबद्दल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. स्कूटरवर बसणाऱ्याला उजव्या कुशीच्या थोडं मागे, पँटच्या आतल्या बाजूला बरं पडतं. अगदी पुढे लावलं तर बसल्यावर नळी मांडीवर रोखली जाते. पाठीच्या मधोमध लावलं तर पडल्यावर मणक्यावर आपटतं. गाडी डबल स्टँडला लावताना वाकलं की सदरा वर सरकतो, म्हणून सदरा एक माप लांब शिवून घ्या. पट्टा साधा चालत नाही. चार ते पाच मिमी जाडीचा, दोन पदरी चामड्याचा हवा, नाहीतर ७०० ग्रॅमने पँट एका बाजूला खाली येते आणि दर दहा पावलांनी हात कमरेकडे जातो. तो हात सगळ्यांना दिसतो.

चामड्याचं होल्स्टर पावसात बुरशी धरतं, घाम शोषतं आणि तो घाम रात्रभर पोलादाला देत राहतं. जून ते सप्टेंबर कायडेक्सचं वापरा. प्लॅस्टिकसारखं असतं, पाणी पीत नाही, नळाखाली धुता येतं. कुठलंही असो, चापाभोवतीची कडी पूर्ण झाकलेली हवी. हत्यार परत खोचताना सदऱ्याचं टोक कडीत अडकलं आणि गोळी सुटली, हे घडतं. म्हणून दुसऱ्या हाताने सदरा बाजूला धरून, बघत, सावकाश खोचायचं. आणि स्कूटरच्या डिकीत हत्यार कधीही ठेवू नये. उन्हात ती तापते, पावसात आत पाणी शिरतं, आणि ती उघडायला चोराला फार वेळ लागत नाही.

गंजाचं सांगितल्याशिवाय गोव्यातल्या माणसाला काहीच सांगितलं नाही असं होईल. संध्याकाळी घरी आलात की हत्यार रिकामं करा, मऊ सुती कापडाने बाहेरून कोरडं पुसा, मग मशीनच्या पातळ तेलाचे दोन थेंब दुसऱ्या कापडावर घेऊन सगळीकडे फिरवा. थेंब हत्यारावर टाकू नका, जास्तीचं तेल कपड्यांचे धागे आणि धूळ धरून ठेवतं. गंज आधी कुठे येतो ते पाहा: मुठीच्या लाकडाखाली, जिथे घाम झिरपतो. महिन्यातून एकदा स्क्रू काढून फळ्या उचला. लाल पावडर दिसली तर बारीक ब्राँझ लोकर आणि तेलाने हलकेच घासा. खोबरेल तेल लावू नका. पुष्कळ घरांत अजून लावतात, पण ते हवेत चिकट होतं, खवट होतं, आणि थंडीच्या पहाटे गोठून घोड्याची गती मंद करतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार कपाटात ठेवू नका. कोरड्या कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलूपबंद पोलादी कपाटात ठेवा. पुड्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर सुकवल्या की परत कामाला येतात.

काडतुसांकडे तर कुणी बघतच नाही. खडकीच्या कारखान्याची केएफ छापाची काडतुसं नीट ठेवली तर वर्षानुवर्षं चालतात. पण चामड्याच्या पट्ट्यातल्या घरांत ठेवली की चामड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवा थर चढतो. मग काडतूस चेंबरमध्ये अर्ध्यावर अडकतं आणि चक्र फिरत नाही. काडतूस मूळ डब्यात ठेवा, खिशात ठेवायचं असेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीत. तेलकट हाताने धरू नका, बुडाच्या टोपीतून तेल आत गेलं तर बार फुटत नाही. कमरेला वापरलेली काडतुसं दर पावसाळ्यानंतर रेंजवर संपवा आणि नवी भरा. परवान्यावर वर्षाचा कोटा लिहिलेला असतो, त्यात हे बसवता येतं.

परवान्यावरच्या अटी वाचा, पुस्तिकेच्या मागे बारीक अक्षरात असतात. खास परवानगीशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक मेळाव्यात आणि शाळा-कॉलेजच्या आवारात हत्यार नेता येत नाही. म्हणजे शिरगावच्या लईराईच्या जत्रेला, फातर्प्याला, शिगम्याच्या मिरवणुकीला किंवा मडगावच्या दिंडीला जाताना ते घरच्या कपाटात. सावंतवाडी, बेळगावला नातलगांकडे जात असाल तर परवान्यात क्षेत्र काय लिहिलंय ते आधी बघा. फक्त गोवा असेल तर पत्रादेवीच्या, म्हणजे गोव्याच्या हद्दीच्या, पलीकडे तुमचं हत्यार विनापरवाना ठरतं. दोनापेक्षा जास्त बंदुका एका माणसाला ठेवता येत नाहीत, परवाना पाच वर्षांचा असतो. दोन्ही बदल २०१९ च्या दुरुस्तीने आले. वाडवडिलांचं हत्यार घरात निघालं तर वारसाने परवाना मिळेपर्यंत ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचं. माळ्यावर ठेवून द्यायचं नाही. आणि ज्या संध्याकाळी पेला हातात घ्यायचा, त्या संध्याकाळी कमर रिकामी. लग्नात हवेत बार काढला तर त्याच दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आचारसंहिता लागली की हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. आली की घाईने तसंच नेऊन देऊ नका. ठाण्याच्या खोलीत ते दोन महिने पडून राहणार, तिथे कुणी तेल लावणार नाही. आदल्या रात्री पूर्ण साफ करा, नळीत तेलाची चिंधी एकदा फिरवा, बाहेरून नेहमीपेक्षा जाड थर द्या, चामडं काढून कोऱ्या सुती कापडात गुंडाळा. पावतीवर हत्याराचा नंबर, काडतुसांची संख्या आणि मॅगझीन किती ते लिहून घ्या. परत मिळालं की तिथेच नंबर ताडून पाहा, आणि घरी आल्यावर काडतूस भरण्याआधी नळीतून कोरडी चिंधी पलीकडे काढा. साठलेलं तेल नळीत ठेवून गोळी मारायची नसते.